परसदारातील आकाश : स्थलांतरित ससाण्यांचा एक पाठ

आमच्या वसतिगृहाच्या मागे, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्याच्या तारा यांच्यामध्ये, एक मोकळी जागा आहे. माजी विद्यार्थ्यांना ती ताटे घासण्याची जागा म्हणून स्मरत असेल. वर्षावास संपला, आकाश निवळले, की इतिहासाचा एखादा तास आम्ही तेथे घेतो. इतिहासाच्या शिक्षकाने मुलांना पक्षी पाहावयास लावावे, याचे काही पालकांस नवल वाटले. परंतु पुरावा कसा गोळा करावा हे शिकविण्यास आकाशाइतके स्वस्त साधन आम्हांस दुसरे सापडले नाही.

प्रथम घार ओळखावयाची. ती शहरावर बारमाही असते आणि तिच्या शेपटीला मधोमध खाच असते. घार पक्की झाली म्हणजे ‘घार नव्हे ते’ आपोआप डोळ्यांत भरते. गरुडाचे पंख रुंद, टोकाशी बोटांसारखी पिसे फाकलेली. भोवत्या पंख किंचित वर उचलून डुलत जातो. ससाण्याचे पंख अरुंद व टोकदार. रिकामे निळे आकाश डोळ्यांस फसविते, पांढऱ्या ढगासमोर ठिपका लवकर सापडतो. ऊन तापले की जमिनीवरून उष्ण हवेचे स्तंभ वर चढतात. त्यांत गिरक्या घेत मोठे शिकारी पक्षी उंची मिळवितात आणि मग पंख न हलविता पुढे घसरत जातात. समुद्रावर हे स्तंभ दुर्बळ असतात. म्हणून रुंद पंखांचे पक्षी बहुधा समुद्र टाळतात.

अमूर ससाणा मात्र तो टाळत नाही. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी आग्नेय सैबेरिया व उत्तर चीनमध्ये वीण करतो आणि हिवाळ्यासाठी दक्षिण आफ्रिका गाठतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य भारतात उतरून तो वाळवीवर पुष्ट होतो, मग द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतो. लोणावळ्याच्या परिसरात तो नोव्हेंबरात थोडे दिवस दिसतो. त्याच सुमारास चतुरही समुद्रापार जातात आणि वाटेत ससाण्यांचे अन्न होतात, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

या पक्ष्याचा पाठ देताना आम्ही नागालँडची हकिकत सांगितली. 2012 साली वोखा जिल्ह्यात, दोयांग जलाशयाकाठी, मासेमारीची जाळी झाडांमध्ये ताणून हे ससाणे पकडण्यात आले. एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारले गेले असा अंदाज प्रसिद्ध झाला. वर्गात हळहळ झाली. कोणी ‘क्रूर माणसे’ म्हणाले. तेव्हा मागच्या ओळीतील एका मुलीने विचारले, “सर, त्यांच्याकडे मासेमारीची जाळी होती, तर मग ते पक्षी का धरू लागले? आधी ते काय करीत होते?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीने हा प्रश्न विचारावा आणि इतिहासाच्या एम.ए.ला तो सुचू नये, याची आम्हांस लाज वाटली. शोध घेतला तेव्हा कळले, की धरणाच्या पाण्याखाली तेथील शेतजमीन गेली होती. जमीन गेलेले लोक मासेमारीकडे वळले, आणि पुढे जलाशयाकाठी ससाण्यांचे थवे उतरू लागले. दुसऱ्या दिवशी पाठ पुन्हा घेतला, या वेळी धरणापासून आरंभ करून. पुढील वर्षी, 2013 मध्ये, पांगतीच्या ग्रामसभेने शिकारीवर बंदी घातली. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसविण्यात आली. त्यांची नावे नागा, वोखा आणि पांगती. गावाचे कौतुक पुष्कळ झाले. बुडालेल्या उत्पन्नाची जागा कशाने घेतली, हे विचारणारे मात्र थोडे भेटले.

मोजणीचे मोल सांगण्यास आम्ही अमेरिकेतील हॉक माउंटनचे उदाहरण देतो. पेनसिल्व्हेनियातील या डोंगरावरून शरद ऋतूत जाणारे शिकारी पक्षी लोक मौजेखातर गोळ्या घालून पाडीत. 1934 साली रोझली एज या स्त्रीने तो डोंगर ताब्यात घेऊन हत्या थांबविली आणि तेथे दरवर्षी पक्षी मोजले जाऊ लागले. पुढे गरुडांची पिले कमी दिसू लागल्याचे त्या वह्यांतूनच उमगले. रेचल कार्सन यांनी 1962 च्या आपल्या ग्रंथात, डीडीटीविरुद्धच्या युक्तिवादात, त्या आकड्यांचा आधार घेतला. मोजणाऱ्यांनी डीडीटी शोधण्यासाठी वही धरली नव्हती.

आमच्या वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, ढग आणि संख्या एवढेच रकाने आहेत. बहुतेक दिवशी संख्येच्या जागी शून्य असते. मुले ते लिहिण्यास कंटाळतात, आणि आम्ही ते लिहावयास लावतो. न पाहिलेला दिवस आणि पाहूनही काही न दिसलेला दिवस एक नव्हेत. एका नोव्हेंबरात दुपारी तीन टोकदार पंख ढगासमोरून नैर्ऋत्येकडे गेले. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनेच ते प्रथम पाहिले. अमूर की अन्य ससाणा, हे ठरेना. वहीत ‘ससाणे, 3, जात अनिश्चित’ अशी नोंद तिच्या अक्षरात आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज मुंबई, नागपूर, दुबई वा अन्यत्र असतील, त्यांनी आपल्या गच्चीवरून वा परसदारातून केलेली नोंद शाळेच्या पत्त्यावर अवश्य पाठवावी. शून्य असल्यास शून्य पाठवावे.