विझू नये असा सिग्नल

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्याच मार्गावर, दिवा व डोंबिवली यांच्या दरम्यान, आपले कोपर आहे. खालून मुख्य मार्ग आणि वरून दिवा–वसई मार्ग, असे येथील स्थानकाचे दुमजली रूप. त्यामुळे प्रदर्शनासाठी प्रतिकृती करावयाची म्हटली की येथील मुलांना प्रथम स्थानकच सुचते.

अशाच एका शालेय प्रदर्शनात पुठ्ठ्याच्या स्थानकाशेजारी सेलवर चालणारा तयार सिग्नल उभा होता. बटण दाबले की तांबडा दिवा लागे आणि अर्ध्या मिनिटात विझे. तो लागलेला राहावा म्हणून एक विद्यार्थिनी दिवसभर बटणापाशी बसून राहिली. इतरांच्या प्रतिकृती तिला पाहताच आल्या नाहीत. खरा सिग्नल असा वरचेवर विझत नाही. विझलाच, तर सर्वांत कडक संकेत मिळाला असे चालकाने मानावे, हा रेल्वेचा नियम आहे. म्हणजे ही प्रतिकृती पाहणाऱ्यालाही चुकीचेच शिकवीत होती.

दिवा विझण्याचे कारण साधे आहे. सेल वाचावेत म्हणून बटण व दिवा यांच्यामध्ये वेळ मोजणारी छोटी सर्किटपट्टी बसविलेली असते. तिला वळसा घातला की काम झाले.

१. प्रथम सेल काढावेत. दिव्याच्या दोन्ही वायरी पट्टीपासून सोडवाव्यात. धन वायर कोणती, याची खूण आधीच करावी.

२. सेलच्या धन टोकापासून चालू-बंद खटका, तेथून १०० ओहमचा रोधक, तेथून दिव्याची धन वायर असे जोडावे. दिव्याची ऋण वायर सेलच्या ऋण टोकास जोडावी.

३. जोडांना डाख देऊन त्यांवर टेप गुंडाळावी. मगच सेल बसवावेत.

रोधक का हवा, हे गणिताने समजते. दोन सेलचे मिळून ३ व्होल्ट. तांबडा एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेल्या १ व्होल्टला १०० ने भागले की ०.०१ अँपिअर, म्हणजे १० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास धरली, तर हिशेबाने २०० तास होतात. सेल उतरत गेला की प्रकाश त्याआधीच मंदावेल. तरी दोन-तीन दिवसांच्या प्रदर्शनास तो सहज पुरतो. छोटी मोटर फिरवावयाची असेल, तर मात्र प्रवाह कितीतरी अधिक लागतो आणि सेल लवकर संपतात.

एक दक्षता अटळ आहे. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह या वायरींना कधीही जोडू नये.

पुढील प्रदर्शनात खटका सकाळी एकदा दाबावा, आणि प्रतिकृती करणाऱ्या मुलीने इतरांची प्रदर्शने पाहावयास निघावे.