आकड्याखालची सही

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

चि. सई हिस,


तुला मेकॅनिकलला प्रवेश मिळाल्याचं ताईनं कळवलं. मनापासून आनंद झाला. ‘मुलीनं मेकॅनिकल कशाला घ्यायचं?’ असं घरात काहींनी विचारल्याचंही कानावर आलं. त्याचं उत्तर तू जातेयस त्या पुण्यानं केव्हाच देऊन ठेवलंय. लीला पूनावाला यांनी 1967 साली तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी घेतली आणि पुढे अल्फा लाव्हल इंडियाची धुरा सांभाळली. तेव्हा तो विषय इथेच संपला. मला लिहायचंय ते या चार वर्षांत तू काय कमवायचंस, याबद्दल.

तुमच्या विभागाच्या व्हरांड्यात एक फ्रेम टांगलेली दिसेल. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएची मान्यता घेणारे विभाग तिच्यात पदवीची उद्दिष्टं लिहून ठेवतात. मुलं तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तू थांबून वाच. त्यातली शैक्षणिक उद्दिष्टं पदवीनंतर साधारण तीन ते पाच वर्षांनी विद्यार्थी कुठवर पोहोचलेला असावा, हे सांगतात. म्हणजे शेवटच्या वर्षाचं प्लेसमेंट हा वाटेतला थांबा झाला. मुक्काम पुढे आहे. भारत 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायमचा सदस्य झाला. निरनिराळ्या देशांतल्या अभियांत्रिकी पदव्या एकमेकींच्या तोडीच्या मानायच्या, असा तो करार. तिथेही प्रश्न एकच असतो: या पदवीधराला काय करता येतं?

माझ्या मते फ्रेममधल्या त्या सगळ्या यादीचं सार एवढंच: तू दिलेल्या आकड्यावर दुसऱ्याला विसंबता आलं पाहिजे, आणि तो आकडा कुठून आला हे तुला सांगता आलं पाहिजे.

आमच्या शॉपमधलं रोजचं काम घे. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास 25 एच-6 असा दिलेला असतो. म्हणजे तो 25.000 मिलिमीटरपेक्षा मोठा नको आणि 24.987 पेक्षा लहान नको. सगळी मोकळीक 13 मायक्रॉनची. आता मशीनवरून उतरलेला, हाताला गरम लागणारा शाफ्ट कुणी लगेच मोजला आणि मायक्रोमीटरवर 24.990 आलं, तर जॉब पास दिसतो. पण शाफ्ट खोलीपेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर पोलाद तापून व्यास सुमारे 6 मायक्रॉननी फुगलेला असतो. गार झाल्यावर तोच शाफ्ट 24.984 भरतो आणि रिजेक्ट होतो. मोजणाऱ्याचा हात चुकला नाही, मायक्रोमीटरही बरोबर होता. धातू तापला की फुगतो, एवढंच त्या घडीला आठवलं नाही. उष्णता, धातू आणि मोजमाप हे तुझे तीन वेगवेगळे पेपर असतील. कारखान्यात ते एकाच जॉबवर एकत्र येतात. ती गाठ डोक्यात पक्की बसणं, हे पदवीचं पहिलं उद्दिष्ट.

दुसरं उद्दिष्ट डिझाइनचं. पुस्तकातल्या गणितात भार दिलेला असतो. कारखान्यात तो कुणी देत नाही. तो तुलाच ठरवावा लागतो, आणि किंमत, वजन, मिळणारा माल, दुरुस्तीची सोय हे सगळं एकदमच सांभाळावं लागतं. वजन वाचवायला शाफ्टचा व्यास दहा टक्क्यांनी कमी केला, तर त्याच पिळाला त्यातला ताण सुमारे 37 टक्क्यांनी वाढतो, कारण ताण व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हे सूत्र पाठ असणारे पुष्कळ भेटतील. ‘थोडा बारीक केला तर चालेल ना?’ असं कुणी विचारताच ते ज्याला आठवतं, तो इंजिनिअर.

सॉफ्टवेअर जरूर शीक, त्याशिवाय आज चालत नाही. पण संगणक चालू करण्याआधी कागदावर हातानं अंदाज काढत जा. स्क्रीनवरचं रंगीत चित्र चुकीच्या माहितीवरही तितकंच सुंदर दिसतं. आपला अंदाज आणि संगणकाचं उत्तर यात दहापटीचा फरक आला, तर थांबायचं कळलं पाहिजे.

आता सचोटीबद्दल, कारण तीही त्या यादीत आहे. तिची परीक्षा पहिल्याच वर्षी सुरू होते. फिटिंगचा जॉब बाहेरून करून आणणारे, सीनियरचं जर्नल उतरवणारे आणि प्रयोग न करताच ‘योग्य’ रीडिंग लिहिणारे तुझ्या आजूबाजूला असतील. त्यांच्या नादी लागू नकोस. जॉब स्वतः घास, कानशीनं बोटं दुखली तरी चालतील. रीडिंग वेडंवाकडं आलं तर तसंच लिही आणि ते तसं का आलं, ते शोध. आज जर्नलमध्ये खोटं रीडिंग लिहिणारा उद्या तपासणी अहवालात लिहील, आणि त्या अहवालावर पास झालेला भाग एखाद्या बसच्या ब्रेकमध्ये बसलेला असेल.

माणसांशी बोलायला शीक. मशीनवरच्या ऑपरेटरशी त्याच्या भाषेत आणि आदरानं बोल. मशीनचा बदललेला आवाज त्याला तुझ्याआधी कळतो. अहवाल मात्र असा लिही की दूर बसलेल्याला फोन करून विचारावं लागू नये.

आणि शिकणं थांबवू नकोस. विजेच्या गाडीत क्रँकशाफ्ट नसतो, सिलिंडर ब्लॉक नसतो. इंजिनाच्या कास्टिंगवर उभ्या असलेल्या आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना त्याचा विचार करावाच लागतोय. पण त्या गाडीतही मोटरचा शाफ्ट फिरतो, बेअरिंग झिजतं, बॅटरी तापते आणि ती गार ठेवावी लागते. वस्तू बदलतील, त्यांच्या मुळाशी असलेलं शास्त्र टिकेल. म्हणून मूळ विषयांत जेमतेम सुटण्यावर समाधान मानू नकोस.

सुट्टीत आलीस की आठवडाभर शॉपमध्ये ये. माझ्या केबिनमध्ये बसायचं नाही, मशीनपाशी उभं राहायचं. तोवर एवढं कर: पहिल्या प्रयोगाचं जर्नल स्वतःच्या रीडिंगनं भर, आणि ज्या आकड्याची खात्री नाही त्याखाली सही करू नकोस.

तुझा,
मामा