समुद्रकडा किती वेगाने मागे हटतो?

महाडहून सावित्रीच्या काठाने खाली गेले की बाणकोटची खाडी लागते. तिच्या मुखाशी, उत्तर बाजूस, हरिहरेश्वर आहे. तेथील प्रदक्षिणेची वाट पायऱ्यांनी खाली उतरते आणि ओहोटीच्या वेळी आपण काळ्या कातळाच्या सपाट ओट्यावर येतो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला उभा कडा. हा ओटा म्हणजे भूगोलात शिकलेला तरंगघर्षित मंच. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, वरचा भाग कोसळतो, कडा मागे हटतो आणि त्याच्यापुढे हा मंच उरतो.

कडा मागे हटण्याचा वेग कसा मोजावा? जुने नकाशे व छायाचित्रे ताडून पाहता येतील. पण समजा, ३० वर्षे कडा तसूभरही हलला नाही आणि ३१व्या पावसाळ्यात २ मीटर जाडीची शिळा कोसळली. ३० वर्षे मोजणारा म्हणेल, वेग शून्य! एक वर्ष अधिक मोजणाऱ्याचे उत्तर येईल वर्षाला सुमारे साडेसहा सेंटिमीटर. म्हणून हजारो वर्षांची सरासरी हवी. ती नोंद खुद्द खडकातच असते.

अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात वेगवान न्यूट्रॉन निर्माण होतात. ते खडकातील कॅल्शियमच्या अणूंवर आदळले की क्लोरीन-३६, आणि गारेतील ऑक्सिजनवर आदळले की बेरिलियम-१० तयार होते. बेसाल्टमध्ये दर ३५-४० सेंटिमीटर खोलीला हा मारा जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे कड्याच्या पोटातील खडक सुरक्षित असतो. कडा कोसळून तो उघडा पडला की अणू साठू लागतात. जणू घड्याळ सुरू होते!

समुद्रसपाटीला १ ग्रॅम गारेत बेरिलियम-१० चे वर्षाला जेमतेम चार-पाच अणू बनतात. इतके थोडे अणू मोजायला त्वरक यंत्र लागते. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये तशी सोय आहे. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. देवेंद्र लाल (१९२९–२०१२) यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांवर काम सुरू केले, आणि १९९१ मध्ये अणूंची निर्मिती व खडकाची झीज यांचे गणित मांडले.

आता एक हिशेब करू. मंचावर कड्याजवळचा एक बिंदू १,००० वर्षांपूर्वी उघडा पडला, आणि त्याच्यापासून समुद्राकडे २० मीटरवरचा दुसरा ३,००० वर्षांपूर्वी. म्हणजे २,००० वर्षांत कडा २० मीटर हटला. वेग वर्षाला १ सेंटिमीटर. प्रत्यक्षात भरतीचे पाणी काही किरण अडवते आणि मंचही वरून झिजतो. त्यांची वजावट करावी लागते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील खडूच्या कड्यांवर असा अभ्यास झाला. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: हजारो वर्षे वेग वर्षाला २ ते ६ सेंटिमीटर होता, गेल्या सुमारे १५० वर्षांत तो २२ ते ३२ सेंटिमीटर झाला. जुनी सरासरी ठाऊक नसती, तर आजचा वेगच नेहमीचा वाटला असता!

विचार करा: सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीही समुद्राची पातळी आजच्या आसपास होती. एखादा मंच तेव्हाच कोरलेला असेल, तर त्यातील अणूंची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त भरेल की कमी? का?

आणि हरिहरेश्वरला गेलात तर भरतीच्या वेळी किंवा पावसाळ्यात मंचावर उतरू नका. कडा झिजवणाऱ्या लाटा त्याच!