धान्याच्या खोलीतील फळ्यांच्या जागी काँक्रीटची जमीन

मावळ तालुक्याच्या पश्चिम भागात पावसाचे मान फार मोठे आहे. लोणावळ्यास वर्षाची सरासरी ४,००० मिलिमीटरच्या पुढे जाते. पूर्वेस वडगावकडे येता येता ती झपाट्याने उतरते. भात हे येथील मुख्य पीक. वडगाव येथील संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसृत झालेल्या इंद्रायणी वाणाने मावळच्या तांदळास बाजारात नाव मिळवून दिले. परंतु शेतात पिकविलेले धान्य घरात राखता आले नाही, तर वर्षाचे श्रम वाया जातात.

काही जुन्या घरांत धान्याच्या खोलीत जोत्याच्या आत कड्या टाकून त्यांवर फळ्या ठोकलेल्या असतात. खालच्या पोकळीत ओल कोंडते, उंदीर आसरा घेतात व वाळवी कड्या पोखरते. अशा ठिकाणी काँक्रीटची जमीन करणे हितावह होय.

फळ्यांवर काँक्रीट ओतू नये

वेळ व खर्च वाचविण्यासाठी आहे त्या फळ्यांवरच काँक्रीट टाकण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. १० सेंटिमीटर जाडीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरते. म्हणजे ३ × ४ मीटरच्या खोलीत कड्यांवर सुमारे २९ क्विंटल भार पडतो. धान्याचा भार वेगळाच. शिवाय ओले काँक्रीट पडताच लाकूड फुगते, पुढे आकसते, वरचा थर तडकतो आणि खालचे कुजणे दृष्टीआड चालूच राहते. माळ्याच्या कडीपाटावर तर हे काम अभियंत्याच्या सल्ल्यावाचून कधीही करू नये.

पूर्वतयारी

काम मार्चमध्ये हाती घेऊन एप्रिलच्या मध्यापर्यंत संपवावे, म्हणजे पावसापूर्वी जमीन वाळण्यास अवधी मिळतो. प्रथम फळ्या व कड्या काढाव्यात. मातीतील लाकडाचे तुकडे, साली व मुळ्या वेचून काढाव्यात. कारण वाळवीचे तेच खाद्य. वाळवीनाशक वापरावयाचे झाल्यास तालुका कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने वापरावे.

दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. शेजारच्या खोलीची जमीन फळ्यांचीच राहणार असेल, तर जोत्यातील हवेच्या जाळ्या भरावाने बुजवू नयेत. भरावातून नळ घालून हवा खेळती ठेवावी. अन्यथा त्या खोलीचे लाकूड लवकर कुजेल. दुसरे असे की, घराच्या लाकडी खांबांचे पाय काँक्रीटमध्ये गाडू नयेत. तळखड्याचा माथा उघडा राहील अशा बेताने जमिनीची पातळी ठरवावी. खांब आतून कुजला, तर घरास धोका पोचतो.

भराव व थर

भरावास मुरूम वापरावा. भातखाचराची चिकण माती ओलीने फुगते व वाळता भेगाळते. ती वर्ज्य समजावी. मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी पसरून, पाणी शिंपडून, धुमसाने घट्ट ठोकावा. त्यावर १५ सेंटिमीटर काळ्या दगडाचे सोलिंग करून फटी मुरमाने भराव्यात. नंतर १:४:८ प्रमाणाचा १० सेंटिमीटर थर टाकून तो सपाट करावा. तो घट्ट झाल्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. कागदाचे जोड एकमेकांवर चांगले चढवून चिकटवावेत व कडा भिंतीलगत वर वळवाव्यात. खालची ओल वर येऊ न देण्याचे काम हाच कागद करतो.

वरचा थर १:२:४ प्रमाणाचा, १० सेंटिमीटर जाडीचा असावा. सिमेंटच्या एका पोत्याचे घनफळ सुमारे ३५ लिटर असते; तेवढ्या मापाची लाकडी पेटी करून एका पोत्यास दोन पेट्या वाळू व चार पेट्या २० मिलिमीटर खडी घ्यावी. एका पोत्यास साधारण २५ ते २८ लिटर पाणी पुरे. वाळू ओली असल्यास त्याहून कमी. पाणी वाढविल्यास मसाला पसरण्यास सोपा जातो, पण काँक्रीट कमकुवत होते. वर सांगितलेल्या खोलीस दोन्ही थर मिळून सिमेंटची १२ ते १३ पोती, वाळू १.१ घनमीटर व खडी २.२ घनमीटर लागते.

थर रंध्याने सपाट करावा. दुसऱ्या दिवसापासून निदान दहा दिवस ओले गोणपाट अंथरून जमीन भिजत ठेवावी. पोत्यांची थप्पी २८ दिवसांनंतरच लावावी.

धान्य ठेवण्यापूर्वी

जमिनीवर एक मीटर प्लास्टिकचा तुकडा कडा चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावा. खाली पाण्याचे थेंब जमल्यास खोली अद्याप सुकलेली नाही असे समजावे. जमीन सुकल्यावरही पोती थेट काँक्रीटवर ठेवू नयेत. जुन्या फळ्यांपैकी निरोगी व किडींपासून मुक्त अशा फळ्यांचे माच करून त्यांवर ती रचावीत व भिंतीपासून अर्धा मीटर अंतर राखावे. भाताची ओल १२ ते १३ टक्क्यांवर आल्याशिवाय साठवण करू नये; ओले धान्य कोणत्याही जमिनीवर टिकत नाही.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी भराव ठोकताना व कागद अंथरताना समक्ष हजर राहावे. वरचा थर पडल्यावर हे दोष दिसत नाहीत. ते दिसतात पहिल्या पावसाळ्यात, धान्य खराब झाल्यावर.