पुठ्ठ्याच्या बाहुलीची चाल

प्रश्न : इयत्ता दुसरीच्या मुलांकडून बाहुलीचा छोटासा चलतचित्रपट करवून घ्यावा, अशी इच्छा आहे. जवळ केवळ एक मोबाईल आहे. आरंभ कसा करावा?
— एक शिक्षिका

उत्तर : साधनांच्या तुटपुंजेपणाची खंत मुळीच बाळगू नये, दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट काड्या किंचित सरकवीत आणि दर हालचालीस एक चित्र टिपीत सिद्ध केला, त्याच तत्त्वावर आपणांस चालावयाचे आहे. उभी बाहुली लहान हातांच्या धक्क्याने वारंवार कोलमडते आणि मुले हिरमुसतात. म्हणून खांदे, कोपर व गुडघे दोऱ्याने सैलसर जोडलेली पुठ्ठ्याची सपाट बाहुली जमिनीवर निजवावी, आणि दोन बाकांवर आडव्या टाकलेल्या फळीच्या कडेस मोबाईल, भिंग खाली करून, पक्का बांधावा. खिडक्या लावून एकाच दिव्याच्या उजेडाची तजवीज करावी, कारण बाहेर ढग सरकला तरी चित्र लुकलुकते.

सेकंदास दहा चित्रे पुरेत. पाऊल टेकले की बाहुली न हलविता दोन-तीन चित्रे अधिक घ्यावीत. या विसाव्यानेच तिच्या चालीला वजन येते, आणि ही खुबी मुलांना सांगण्यापेक्षा त्यांना स्वतः चालावयास लावून दाखवावी. एकाने बाहुली हलवावी, दुसऱ्याने ‘हात बाहेर!’ असे पुकारावे, तिसऱ्याने चित्र टिपावे. कामे आळीपाळीने द्यावीत. बाहुली येते आणि नमस्कार करते, एवढाच प्रसंग प्रथम घ्यावा. आपण मात्र बाहुलीस हात लावू नये, ही आग्रहाची विनंती.