परतफेडीवाचूनची भेट

वाशीम हे वऱ्हाडातील फार जुने नगर. प्राचीन काळी ते वत्सगुल्म या नावाने ओळखले जाई आणि वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी तेथे होती. येथील बालाजीचे मंदिर दूरवर प्रसिद्ध आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. डिसेंबर महिना आला, म्हणजे या भागातील काळ्या शेतांत कापसाची वेचणी चाललेली असते, तुरीच्या शेंगा भरत असतात आणि पहाटेचा गारठा अंगाला झोंबत असतो. याच दिवसांत ख्रिस्ती घरांवर चांदणीच्या आकाराचे कंदील लागतात आणि स्वयंपाकघरात करंज्या, शंकरपाळे व चकल्या करण्याची गडबड उडते. २५ डिसेंबरला नाताळ येतो. ‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा अर्थ ‘जन्म’ असा आहे. येशू ख्रिस्ताच्या जन्माचा हा उत्सव होय.

नाताळच्या दिवशी फराळाची ताटे शेजारी-पाजारी जातात. दिवाळीत ज्या घरून ताट आलेले असते, त्या घरी ते आवर्जून पाठविले जाते. कारण आलेले ताट रिकामे परत करू नये, अशी मराठी घरांतील जुनी रीत आहे. या देवाणघेवाणीने शेजारधर्म टिकतो, मने जवळ येतात. ही रीत चांगलीच आहे. परंतु नाताळच्या भेटीचा मूळ अर्थ एवढ्यावरच संपत नाही. तो समजून घेण्यासाठी येशूच्या जन्माची कथा आठवावी लागते.

बेथलेहेम या गावी एक गरीब जोडपे आले होते. गावात पाहुण्यांची एवढी गर्दी होती, की उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. तेथेच मरियेला पुत्र झाला. तिने त्याला बाळंत्यात गुंडाळले आणि गुरांच्या गव्हाणीत निजविले. देवाने आपला पुत्रच जगाला भेट म्हणून दिला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. या भेटीची फेड मनुष्याने कशी करावी? ती होणे शक्यच नव्हते, आणि देणाऱ्याने ती मागितलीही नव्हती. शिवाय हा दाता उंच सिंहासनावरून मूठभर मोहरा फेकणारा नव्हता. तो स्वतः असहाय बालक होऊन गरिबाच्या कुशीत आला. ज्यांना द्यावयाचे, त्यांच्यातलाच एक होऊन देणे, हा नाताळच्या कथेचा गाभा आहे. पुढे पूर्वेकडील ज्ञानी पुरुष ताऱ्याच्या मागोमाग चालत आले. त्यांनी त्या बालकाला सोने, ऊद व गंधरस अर्पण केले आणि दुसऱ्या वाटेने ते आपल्या देशी निघून गेले.

येशूने मोठेपणी हीच गोष्ट आपल्या शिकवणुकीत सांगितली. मेजवानी द्यावयाची, तर केवळ धनवान मित्रांना बोलावू नये. कारण ते उलट आमंत्रण देतील आणि हिशेब तेथेच पुरा होईल. गरीब, पांगळे, आंधळे यांना बोलवावे. फेड करण्यास त्यांच्यापाशी काही नसते, म्हणूनच त्यांना देणे धन्य होय. एकदा तो मंदिरातील दानपेटीसमोर बसला होता. धनिक लोक पुष्कळ द्रव्य टाकीत होते. तेवढ्यात एका गरीब विधवेने दोन लहानशी नाणी पेटीत टाकली. येशूने शिष्यांना सांगितले, की सर्वांत अधिक दान या बाईने केले आहे. इतरांनी उरलेल्यातून दिले. हिने मात्र पोटाला लागणाऱ्यातून दिले.

नाताळच्या भेटींशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो संत निकोलस चौथ्या शतकात होऊन गेला. आजच्या तुर्कस्तानातील मायरा या नगरीचा तो बिशप होता. त्याच्याविषयी एक कथा सांगतात. एका गृहस्थाला तीन मुली होत्या. घरात अठराविश्वे दारिद्र्य आल्यामुळे त्यांची लग्ने होईनात. निकोलस रात्रीच्या अंधारात त्या घरापाशी गेला आणि खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून निघून आला. असे त्याने तीन वेळा केले. हे काम त्याला भर दिवसा, चार लोकांसमक्ष करता आले असते. परंतु तसे केल्याने त्या पित्याची मान खाली गेली असती. निकोलसने धन दिले आणि घेणाऱ्याचा मानही राखला. याच संताच्या डच नावावरून पुढे ‘सांताक्लॉज’ हा शब्द तयार झाला. लाल अंगरख्याचा, पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा मुलांना ओळखीचा आहे. त्याच्यामागील हा संत मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो.

अशा देण्याचा एक दाखला खुद्द वाशीम येथेच सापडतो. चर्च ऑफ द नाझरीन या ख्रिस्ती पंथाच्या वतीने डॉ. ऑर्फा स्पायकर नावाच्या अमेरिकन डॉक्टर १९३६ साली भारतात आल्या. १९३८ साली वाशीम येथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी रुग्णालय सुरू केले. या पंथाचे एक धुरीण हायरम रेनल्ड्स यांच्या स्मरणार्थ त्याला रेनल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे नाव मिळाले. स्पायकर यांनी आपल्या आयुष्यातील सुमारे चाळीस वर्षे या कामाला दिली. रुग्णालयाला जोडून परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली.

या पंथाच्या परदेशांतील कार्यासाठी पैसा उभा करण्याची एक पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. पंथातील अनेक माणसे आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडीत, तो वेळ प्रार्थनेत घालवीत आणि त्या जेवणाला लागले असते तेवढे पैसे सेवाकार्यासाठी बाजूला ठेवीत. उपवास मराठी माणसाला नवा नाही. येथे तो वाचलेल्या घासाचे मोल दूरच्या अनोळखी माणसापर्यंत पोहोचविण्याचे साधन झाला. देणाऱ्यांपैकी बहुतेकांना घेणाऱ्यांचे मुख कधी दिसले नसेल, आणि बरे होऊन घरी परतणाऱ्या रुग्णालाही त्यांची नावे कळली नसतील. या हाताचे त्या हाताला कळले नाही. तरी देणे पोहोचले.

या सर्व कथांतून भेटीच्या तीन खुणा दिसतात. खरी भेट परतफेडीची वाट पाहत नाही. जिच्यामागे अट असते, तिला भेट न म्हणता सौदा म्हणावे लागेल. खरी भेट घेणाऱ्याला लहान करीत नाही. आणि खरी भेट केवळ उरल्यासुरल्यातून निघत नाही. देणाऱ्याला तिच्यासाठी काही सोडावे लागते.

अशी भेट देण्यास धनवान असण्याची गरज नाही. मजुरीसाठी परगावाहून आलेल्या कुटुंबातील मूल वर्गात नवे असते; त्याचा अभ्यास मागे पडलेला असतो. खेळाची सुटी सोडून, त्याला कमीपणा वाटणार नाही अशा बेताने शेजारी बसून गणित समजावून देणारा विद्यार्थी नाताळची भेटच देत असतो. गव्हाणीतील त्या बालकाच्या जन्माचा आनंद ख्रिस्ती घरांत गीतांनी आणि दिव्यांनी व्यक्त होतो. तो पुरा होतो, तो अशा देण्याने.

स्वाध्याय

१. फराळाची देवाणघेवाण आणि नाताळच्या भेटीचा मूळ अर्थ यांत कोणता फरक आहे?
२. निकोलसने थैली रात्रीच्या वेळी का टाकली?
३. विधवेचे दान सर्वांत मोठे का ठरले?
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मान खाली जाणे, या हाताचे त्या हाताला न कळणे, अठराविश्वे दारिद्र्य.
५. परतफेड करू न शकणाऱ्या व्यक्तीला तुम्हांला काय देता येईल, याविषयी दहा ओळी लिहा.