सवलतीचा क्लच आणि दौलताबादचा घाट

मोटारीच्या क्लचकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात: पूर्ण जोडला गेल्यावर त्याने तसूभरही घसरू नये, आणि जोडला जात असताना मात्र बेताबेताने घसरत इंजिनाचा जोर चाकांच्या हवाली करावा. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील नावाचे जड चाक असते, गिअरबॉक्सच्या दांड्यावर दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट बसते, आणि प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या बळावर ही क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते आणि ती पकड सैल करते. यांपैकी एकच भाग नवा आणि बाकीचे जुने ठेवून केलेली दुरुस्ती निम्मी असते, हे पुष्कळ मोटारमालकांना दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवल्यावर कळते, आणि प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक आहे.

खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी वेगवान मोटारीचा क्लच हा विषय कोणाला उपरा वाटेल, पण तो तसा नाही. छत्रपती संभाजीनगरलगतच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जुळणी 2001 मध्ये सुरू झाली, आणि 2011 मध्ये आलेली लॉरा व्हीआरएस, म्हणजे 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 160 अश्वशक्ती, 250 न्यूटन-मीटर टॉर्क आणि हाताने बदलायचे सहा गिअर असलेली मोटार, ही याच मातीतली. टॉर्क म्हणजे दांडा पिळण्याचा जोर, आणि क्लचला तोलावा लागतो तो हाच. अशा मोटारी आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, त्यांचे मूळ क्लच झिजत आले आहेत, आणि निम्म्या किमतीतल्या क्लचची जाहिरात नेमकी अशाच मालकाला मोहात पाडते.

त्यात येथील रस्ता क्लचची परीक्षा पाहणारा आहे. संभाजीनगरहून येणारी वाहने दौलताबादला दिल्ली दरवाजाच्या चिंचोळ्या कमानीतून एकामागे एक निघतात आणि लगेच घाटाच्या चढाला लागतात. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो, तेव्हा हाच चढ गोगलगायीच्या गतीने चढावा लागतो, आणि ब्रेकऐवजी हाफ क्लचवर मोटार तोलून धरण्याची सवय असलेला चालक तेवढ्या वेळात अस्तर भाजून काढतो.

सवलतीचा माल कुठे मार खातो, हे साध्या हिशेबाने उमगते. क्लच किती टॉर्क तोलू शकेल हे अस्तराचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घर्षणाच्या दोन पृष्ठभागांमुळे येणारा दोनचा गुणक, यांच्या गुणाकाराने ठरते. उदाहरणादाखल दाब 6000 न्यूटन, त्रिज्या 95 मिलिमीटर आणि घर्षणांक 0.30 धरला, तर क्षमता 342 न्यूटन-मीटर येते आणि 250 न्यूटन-मीटरच्या इंजिनाला ती पुरून उरते. पण अस्तर हलक्या प्रतीचे असेल आणि तापल्यावर त्याचा घर्षणांक 0.20 वर उतरला, तर तीच क्षमता 228 वर येते आणि पूर्ण जोडलेला क्लचही घसरू लागतो. थंड अवस्थेत, सपाट रस्त्यावर, गॅरेजभोवती मारलेल्या फेरीत हा दोष दिसत नाही. म्हणूनच तो विकला जातो.

प्रस्तुत लेखकाच्या मोटारीत मूळ क्लच संपल्याची खूण ठरावीक होती: वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिनाचे फेरे वाढत, वेग मात्र तेथेच राही. त्यावर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट अशी जोडी मोठ्या सवलतीत मागवण्यात आली. डबा नामांकित कंपनीच्या डब्यासारखा होता, पण आयातदाराचे नाव त्यावर नव्हते आणि रिलीज बेअरिंग आत नव्हते. जुने बेअरिंग अजून चालेल आणि फ्लायव्हील ठीक दिसते, हा मिस्त्रींचा अंदाज मान्य करण्यात चूक लेखकाची होती, कारण पैसे वाचवण्याची घाई त्याचीच होती. पुढे श्रावणात घाटामध्ये जळक्या अस्तराचा उग्र वास आला, मोटार थांबली आणि टोइंगच्या गाडीवरून संभाजीनगरला न्यावी लागली. गिअरबॉक्स पुन्हा खाली आला तेव्हा फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग होते आणि बेअरिंग हाताने फिरवताच खरखरत होते. भागांच्या किमतीत जे वाचले होते, ते दुसऱ्या मजुरीलाही पुरले नाही.

खर्चाचा खरा काटा येथेच आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत क्लच बदलायचा म्हणजे बॅटरी, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, गिअरच्या केबली आणि इंजिनाचे काही आधार सोडवून गिअरबॉक्स उतरवणे आले, आणि ही मजुरी प्लेट स्वस्त असो वा महाग, सारखीच पडते. त्यामुळे गिअरबॉक्स खाली असताना जे जे बदलता येईल ते तेव्हाच बदलावे: रिलीज बेअरिंग तर नक्कीच, आणि ज्या मोटारींत बेअरिंग व क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर एकसंध असतो तेथे तो सबंध भाग. क्रँकचे मागचे ऑइल सील पाझरत असेल तर तेही, कारण तेलाचा ओघळ अस्तरावर आला की उत्तम क्लचही निकामी होतो.

फ्लायव्हीलचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 1985 पासून मोटारींत येऊ लागलेले द्विभागी फ्लायव्हील, म्हणजे मध्ये स्प्रिंगा ठेवून जोडलेली दोन जड चाके, इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाही. त्याचा पृष्ठभाग चकचकीत दिसला म्हणून ते धड आहे असे होत नाही. दोन चाकांमधली फिरती ढिलाई आणि डगमग मोजून ती निर्मात्याच्या मर्यादेत आहे का, हे पाहावे लागते. एकसंध फ्लायव्हील लेथवर घासून घेण्याची जी रीत गॅरेजांत रूढ आहे, ती या प्रकाराला सरसकट लावू नये.

नवी प्लेट डब्यातून काढल्यावर तिचा व्यास आणि मधल्या भोकातल्या खाचा, ज्यांना स्प्लाइन म्हणतात, जुन्या प्लेटीशी ताडून घ्याव्यात आणि ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर हाताने सरकवून पाहावी. ‘लॉराला चालते’ एवढ्या शब्दावर विसंबू नये, कारण त्याच नावाच्या पेट्रोल आणि डिझेल मोटारींचा क्लच एकच असेल असे नाही; चॅसी क्रमांकावरून भागाचा क्रमांक काढणे हाच भरवशाचा मार्ग. अस्तराला ग्रीसचा हात लागू नये, प्लेट मध्यावर आणणारी दांडी वापरावी, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळून शेवटी टॉर्क रेंचने ठरल्या मापाला आणावेत. झीज आपोआप भरून काढणारी प्रेशर प्लेट असेल, तर ती तिच्या खास अवजाराशिवाय बसवू देऊ नये. त्यानंतरचे पहिले काही शे किलोमीटर जोराची सुरुवात टाळावी, म्हणजे अस्तर फ्लायव्हीलवर सर्वांगाने बसते. डोंगरावरच्या म्हैसमाळची सहल तोवर थांबू शकते.

खरेदीच्या बाजूने कायदा ग्राहकाला वाटतो त्याहून जवळचा आहे. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार किरकोळ विक्रीच्या आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत असावी लागते. ते नसेल तर डबा तसाच परत करावा, आणि भाग बसवल्यावर परतीचा हक्क विक्रेता नाकारतो हे ध्यानात ठेवून ही तपासणी मिस्त्रींकडे जाण्याआधी घरीच करावी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते; त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगून पाहता येते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, तेव्हा पावती, डबा आणि ती जळकी प्लेट तोपर्यंत भंगारवाल्याला देऊ नये.